लगाम दुसऱ्याच्या हाती

‘मिरजोळ्याच्या सड्यावर प्रवाशांसाठी घोडे ठेवा, माथेरानसारखे पैसे होतील’ असा उपदेश करणारे शहाणे हल्ली आमच्याकडेही उगवू लागले आहेत. त्यांनी माथेरान पाहिले असेल, घोडा पाहिलेला नाही.

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, म्हणून तेथे घोडा हे वाहन आहे. आमच्याकडे मोटार थेट परसदारी येते. मग घोडा कशाला? छायाचित्रापुरता! शिवाय घोडा भीमथडीच्या कोरड्या माळावर शोभतो. येथे चार महिने कातळावरून पाणी वाहते. तेवढे दिवस बांधून ठेवलेल्या जनावराला चारा कोण घालणार? नालबंद कोठून आणणार? उपदेशक तोवर मुंबईला पोचलेले असतील.

पण खरी चीड येते ती ‘घोडेस्वारी’ या शब्दाची. स्वार वर खोगीर घट्ट धरून बसतो आणि लगाम धरून पायी चालतो तो घोडेवाला! आणि दरासाठी घासाघीस व्हायची ती त्याच्याशीच. माथेरानच्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले, त्यांवरून घोड्यांचे पाय घसरू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेले ते घोडेवाल्यांचेच प्रतिनिधी. हौशी स्वारांपैकी कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. त्याच न्यायालयाने 2025 साली तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे बरे नव्हे, हे सांगायलाही न्यायालयच लागले!

सडा पाहायचा असेल त्याने भाद्रपदात पायी यावे. कातळावरची ती इवलीशी फुले घोड्यावरून दिसायचीही नाहीत.