डॉक्टर बाहेर का पळतात?

मागच्या शनिवारी आईला खरवईतल्या एका डेंटिस्टकडे घेऊन गेलो. दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी तोंडात फिल्म ठेवली आणि स्विच घेऊन स्वतः दाराबाहेर! आई फिल्म काढून उठलीच. "ते पळाले, मग मी कशाला बसू?"

लॉजिक बिनतोड! डॉक्टर एवढंच म्हणाले, "काही होत नाही हो." एक्स-रे राहिला. आठवडाभर पेनकिलर, वर गाल सुजला.

शेवटी घरी मीच क्लास घेतला. त्या नळीत निर्वात पोकळी असते. एका टोकाला बल्बसारखी तापणारी तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर टंगस्टनचा तुकडा. मध्ये ६० ते ७० हजार व्होल्ट. (आपल्या लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार असतात!) इलेक्ट्रॉन सुसाट जाऊन टंगस्टनवर आदळतात, करकचून ब्रेक लागतो. ९९ टक्के ऊर्जेची नुसती उष्णता होते, उरलेल्या जेमतेम एका टक्क्याचे एक्स-रे. मशीनमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतोच. स्विच बंद, की किरण बंद. खोलीत काही रेंगाळत नाही.

आणि डोस? दाताच्या एका फिल्मला काही मायक्रोसीव्हर्ट. निसर्गातून आपल्याला रोज सहा-सात मिळतातच. डॉक्टर लांब जातात कारण आई एकदा बसणार, ते वर्षभर रोज तिथेच असणार. अंतर दुप्पट केलं की डोस पावपट होतो.

आईला पटलं. पण पुढचा प्रश्न आला, "मशीन नीट आहे हे कोण बघतं?"

खरं तर हाच प्रश्न महत्त्वाचा. आपल्याकडे डेंटल एक्स-रे मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे (एईआरबी) करावी लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं ऑफिस आपल्या अणुशक्तीनगरलाच आहे. मशीनची ठराविक काळाने तपासणीही करून घ्यावी लागते.

काल परत गेलो. नोंदणी आहे का विचारलं. डॉक्टरांनी न चिडता कागद दाखवला. आई निमूट बसली. दाढेच्या मुळाशी पू निघाला.

माझं मत विचाराल तर, आई अडाणी नव्हती. डोळ्यांनी दिसलं त्यावरून तिने अंदाज बांधला, कारण कुणी काही सांगितलंच नाही. बाहेर जाण्याआधी डॉक्टरांनी अर्धा मिनिट बोलावं. आणि मंडळी, आपण घाबरण्याऐवजी कागद मागावा.

असो. आता रूट कॅनाल. त्याची भीती मात्र मलाच जास्त वाटतेय!