बॉम्ब आणि बिल्डर

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बॉम्ब पडत होते, तेव्हा काही चित्रकार जलरंग घेऊन तिथल्या गावोगावी फिरत होते. राजवाड्यांपेक्षा जुनी दुकाने, सराया, लहान प्रार्थनाघरे, बाजाराचे रस्ते ते कागदावर उतरवत होते. 'रेकॉर्डिंग ब्रिटन' ही योजना केनेथ क्लार्क यांची, पैसा पिलग्रिम ट्रस्टचा. १९४० ते १९४३ या काळात ९७ चित्रकारांनी दीड हजारांहून अधिक चित्रे काढली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

कुणी म्हणेल, युद्धात हे चोचले कशाला? फोटो काढले असते! पण कलावंतांना रोजगार देणे आणि जलरंगाची परंपरा जगवणे, हाही योजनेचा हेतू होता.

मला मोलाचे वाटते ते दुसरेच. धोका फक्त जर्मन विमानांचा नव्हता. नवे रस्ते आणि नवी बांधकामेही जुनी वस्ती गिळत होती, आणि योजनेने तोही धोका मोजला. शत्रूने पाडलेल्या घराची नोंद इतिहास ठेवतोच. विकासाच्या नावाखाली आपणच पाडलेल्या घराची नोंद मात्र ते उभे असतानाच करावी लागते.