बुद्ध्यंकाचे स्तोम

मुलाने परीक्षेत किती गुण मिळविले, हे विचारण्याची चाल आपल्या घराघरांत जुनीच आहे. आता तिच्या जोडीला दुसरा एक प्रश्न येऊन बसला आहे: मुलाचा बुद्ध्यंक किती? गुण कमी पडले, तर अभ्यास झाला नाही, शिक्षक नीट शिकवीत नाहीत, प्रश्नपत्रिका अवघड होती, अशा शंभर सबबी पुढे करता येतात. शिवाय पुढल्या वर्षी ते वाढण्याची आशा असते. बुद्ध्यंकाला मात्र सबब चालत नाही. तो एकदा कळला, की मुलाचा ललाटलेखच वाचून झाला, असे आईबाप समजतात. १३० आला की पेढे वाटावयाचे, आणि ८० आला की घरात सुतक पाळावयाचे! ज्या आकड्याच्या जोरावर हे सारे चालते, तो आकडा खरोखरी बुद्धीचे माप आहे काय, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. हा आकडा निरर्थक नाही; परंतु तो बुद्धीचे माप नव्हे. वैद्याच्या पेटीतले ते एक साधन आहे, आणि न्यायाधीशाने ते हाती घेतले तेव्हा तेव्हा त्यातून अनर्थ झाला आहे.

या साधनाचा जन्म कसा झाला, हे पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. सामान्य वर्गात जी मुले मागे पडतात, ती ओळखून त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय करावी, हा तिचा हेतू होता. त्या कामासाठी आल्फ्रेड बिने यांनी आपले सहकारी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली तीस प्रश्नांची एक चाचणी सिद्ध केली. पुढे १९०८ साली, कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांस कोणते प्रश्न सुटतात हे पाहून, त्यांनी प्रश्न वयवार लाविले. म्हणजे ही मदतीची गरज असलेले मूल हुडकण्याची युक्ती होती. बुद्धी तोलण्याचा तराजू नव्हता. मुलाची बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी राशी आहे असे मानणाऱ्यांचा बिने यांनी १९०९ साली आपल्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत निषेध केला, आणि मंद मुलांचे अवधान व स्मृती वाढावी म्हणून अभ्यासक्रमही सुचविले. १९११ साली ते वारले, आणि त्यांचे साधन भलत्यांच्या हाती पडले.

१९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची कल्पना काढली. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकारास १०० ने गुणिले, आणि आज सर्वतोमुखी असलेला बुद्ध्यंक जन्मास आला. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा घेण्यात आली. तीत प्रश्न कसले? क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, हा एक. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापुढे चित्रे ठेवीत. त्यांपैकी एकात टेनिसच्या मैदानावर जाळे काढलेले नव्हते, आणि काय उणे आहे ते ओळखावयाचे होते. ज्याने टेनिसचे मैदान जन्मात पाहिले नाही, त्या नुकत्याच आलेल्या परदेशी शेतकऱ्याने ते ओळखावे कसे? परंतु या परीक्षेवरून गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय अवघे तेरा वर्षांचे ठरले, आणि कोणता मानववंश श्रेष्ठ व कोणता हीन, याचेही निर्णय निघाले. कार्ल ब्रिघम यांनी १९२३ साली त्यावर ग्रंथ रचिला. १९३० साली त्यांना स्वतःलाच आपले निष्कर्ष मागे घ्यावे लागले.

ब्रिघम यांना निष्कर्ष मागे घेता आले. कॅरी बक हिला तशी सोय नव्हती. व्हर्जिनियातील ही तरुणी. चाचणीवरून तिचे मानसिक वय नऊ वर्षांचे ठरविण्यात आले, आणि तिच्या आईचे आठाच्याही आत. तिची लहानगी मुलगी व्हिव्हियन हिलाही तान्हेपणीच मंद ठरविण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली निकाल दिला, की अशा वंशाची वाढ थांबविण्याचा सरकारास अधिकार आहे. आणि त्याच वर्षी शस्त्रक्रिया करून कॅरीचे मातृत्व कायमचे हिरावून घेण्यात आले. पुढे व्हिव्हियन शाळेत जाऊ लागली, आणि १९३१ साली तिचे नाव वर्गातील गुणवंतांच्या यादीत झळकले!

यावर प्रतिपक्षी म्हणतील, की हा साधनाचा दुरुपयोग झाला. चाकूने खून झाला म्हणून चाकू वाईट ठरत नाही. शिवाय आजच्या चाचण्या पुष्कळ सुधारलेल्या आहेत. निरनिराळ्या प्रश्नांत ज्यांना यश येते ती माणसे बहुधा तीच असतात, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ सालीच दाखविले. आणि बुद्ध्यंकावरून शाळेतील यशाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि ती आम्ही नाकारीत नाही. परंतु शाळेतील यशाचे म्हणाल, तर जी चाचणी मुळी शाळेच्या कामासाठी बेतली, आणि जिचे प्रश्न शाळेतील मुलांवर पारखून घेतले, तिच्यावरून शाळेतील यशाचा अंदाज येतो, यात नवल ते काय? शाळेच्या फूटपट्टीने काढलेल्या मापाची साक्ष पुन्हा शाळाच देते. यावरून ती पट्टी शाळेपुरती उपयोगी आहे एवढे सिद्ध होते. बुद्धीची लांबी समजली असे सिद्ध होत नाही.

स्पिअरमन यांनी दाखविलेला संबंधही खरा. पण मोजली जाणारी वस्तू जन्मसिद्ध व अढळ आहे, असे त्यावरून निघत नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांची माहिती एकत्र करून दाखविले, की एका पिढीत बुद्ध्यंकात ५ पासून २५ पर्यंत वाढ झाली आहे. चाचणीकार वेळोवेळी प्रमाणके बदलून सरासरी पुन्हा १०० वर आणून ठेवितात, म्हणून ही वाढ सामान्य माणसाच्या नजरेस येत नाही. हा हिशेब मागे नेला, तर अनेक देशांतील आजोबा-पणजोबांची गणना मंदबुद्धींत करावी लागेल! उलटपक्षी नॉर्वेत १९७५ च्या सुमारानंतर जन्मलेल्यांत हा आकडा उतरू लागला. आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही चढउतार एकाच घरातील सख्ख्या भावांतही दिसून आली. सख्ख्या भावांचा वंश बदलत नाही. बदलतो तो काळ आणि भोवताल. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून असेही निघाले, की शाळेच्या एकेका वर्षाने बुद्ध्यंक १ ते ५ नी वाढतो. जे शाळेत गेल्याने वाढते, त्याच्यावरून कोणास शाळेत घ्यावे आणि कोणास वगळावे हे ठरविणे, म्हणजे रोपाला पाणी मिळण्याआधी त्याची उंची मोजून त्यास पाणी द्यावे की नाही ते ठरविण्यासारखे आहे.

याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या शाळकरी मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी या नावाचा एक विषय आहे. तीवरून बुद्ध्यंक काढीत नाहीत हे खरे. पण नाव तेच आणि प्रश्नांची जातही तीच: संख्यांचा क्रम ओळखा, विसंगत पद शोधा, आरशातील प्रतिमा सांगा. या विषयाची मार्गदर्शके दुकानांतून विकली जातात, आणि त्याच्या खास शिकवण्याही चालतात. वर्षभर सराव केलेल्या मुलास हे प्रश्न पटापट सुटतात. ज्याच्या घरी मार्गदर्शक नाही, त्याची पहिली दहा मिनिटे प्रश्नाचा रोख समजण्यातच जातात. मग या गुणांस बुद्धीचे गुण म्हणावे, की बापाच्या ऐपतीचे?

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. होते खरी, पण शीत त्याच भांड्यातले हवे. बुद्धी या भांड्यात काय काय शिजत असते, हे आपली भाषा चांगले जाणते. हुशार, शहाणा, समंजस, धोरणी, चतुर, कल्पक, व्यवहारी ही विशेषणे आपण एकाच अर्थाने वापरीत नाही. हुशार मनुष्य शहाणा असेलच असे नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांस चाचणीवाचून ठाऊक असते. तासाभरात कागदावरची कोडी सोडविणे ही यांपैकी फार तर एका गुणाची खूण. तेवढ्या एका शितावरून सारा भात शिजला की कच्चा राहिला, हे सांगणे धाडसाचे आहे. आणि ज्या देशात जातीवरून माणसाची बुद्धी ठरविण्याचा रोग शतकानुशतके मुरलेला आहे, तेथे त्या रोगास आकड्यांचा शास्त्रीय झगा मिळाला, तर तो ओळखणेही कठीण होईल.

मग ही चाचणी टाकूनच द्यावी काय? नाही. जे मूल वर्गात मागे पडते, त्याची अडचण नेमकी कशात आहे हे जाणत्या माणसाने या साधनाने जरूर पाहावे. बिने यांचा हेतू तोच होता. मात्र त्यासाठी साधन ताजे हवे. कामत यांनी धारवाडास बिने-चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली आणि त्यावरील आपला ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध केला. ते काम त्या काळी मोलाचेच होते. पण ती चाचणी आपल्या रुग्णालयांत अजूनही वापरात आहे. प्रमाणके जुनी झाली, म्हणजे मूल असते त्याहून वरचे दिसते, आणि ज्या सवलतीवर त्याचा हक्क आहे तीच त्यास नाकारली जाण्याचा संभव असतो. शिवाय कोणत्याही चाचणीत दोन-चार गुणांची चूक ठरलेलीच असते. फ्लॉरिडात फाशीची शिक्षा झालेल्या एका मनुष्याचा बुद्ध्यंक ७१ भरला होता, आणि कायद्याने सुटकेची मर्यादा ७० ठेविली होती. एका अंकावर मनुष्याचा जीव टांगून ठेवणे घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. ज्या न्यायासनाने १९२७ साली कॅरीचा तसा निकाल दिला, त्यालाच हे म्हणावयास ८७ वर्षे लागली.

आपल्या घरात एवढा काळ लागण्याचे कारण नाही. कोणी मुलाचा बुद्ध्यंक सांगू लागला, तर चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, प्रमाणके कोणत्या सालची, आणि घेतली ती कोणत्या मदतीसाठी, हे आईबापांनी विचारावे. शेवटल्या प्रश्नास उत्तर नसेल, तर तो आकडा तेथेच सोडून मुलाला घेऊन घरी यावे. त्याला काय येत नाही हे समजल्यावर पुढचे काम ते शिकविण्याचे. आणि त्या कामात आकड्याचा काडीइतका उपयोग नाही.