साठीच्या उंबरठ्यावर अलेफ-बेत



या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक प्रश्न पुनःपुन्हा डोकावतो : "आता या वयात नवी भाषा कुठली यावयाची?" मौज अशी, की हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा एखाद-दुसरी भाषा मोठेपणीच शिकलेली असतात. धारवाडला बदली झाली म्हणून कोणी कानडी उचललेली असते. सासर बडोद्याचे म्हणून कोणी गुजरातीत भाजीवालीशी भाव करू लागलेली असते. या गोष्टीला ती 'शिकणे' म्हणत नाहीत, इतकेच. प्रश्नाचे उत्तर तत्त्व सांगून देणे मला साधणार नाही. त्याऐवजी मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हिब्रू शिकावयास बसले, त्याची हकीकत सांगते.

माझी एक बालमैत्रीण आहे. अलिबागच्या बाजूच्या एका शाळेत आम्ही एकाच बाकावर बसत होतो. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. आपल्यापैकी ज्यांचे कोकणाशी नाते आहे त्यांना 'शनवार तेली' हे या समाजाचे जुने नाव ठाऊक असेल. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, त्यावरून हे नाव पडले. पेणकर, किहिमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावावरून आलेली. 1948 साली इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुतेक मंडळी हळूहळू तिकडे गेली. माझ्या मैत्रिणीचे कुटुंबही 1971 साली गेले.

पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे आमचा पत्रव्यवहार मराठीतून चालला. मग तिची दृष्टी गेली. फोनवर बोलावे तर ऐकू येईनासे झाले. अखेर तिने तोड काढली ती अशी, की आपण सांगावे आणि नातीने लिहावे. नातीला मराठी येत नाही, तेव्हा पत्र हिब्रूत आले. दोन पाने भरून लिहिलेले ते पत्र हाती धरून मी बसले, तेव्हा ते कोणत्या बाजूने सुरू होते हेदेखील मला कळेना.

ते पत्र मी एका ओळखीच्या गृहस्थांच्या परिचिताकडून वाचून घेतले. तो तरुण सज्जन होता. त्याने मन लावून अर्थ सांगितला. परंतु मैत्रिणीची गुडघेदुखी, सुनेशी झालेली कुरबूर, रात्री झोप न येणे, हे सारे एका परक्या मुलाच्या तोंडून ऐकताना मला इतका संकोच झाला, की मध्येच "राहू द्या, पुढचे नंतर पाहू" म्हणून मी उठून आले. दुसऱ्या पानावर काय होते ते मला त्या दिवशी समजले नाही. हिब्रू शिकण्याचे कारण एवढेच.

सिनेगॉगमध्ये मुलांना धर्मग्रंथाचे पठण शिकविणारे एक वृद्ध गुरुजी मला भेटले. त्यांनी प्रारंभ अर्थातच मुळाक्षरांनी केला. अलेफ, बेत, गिमेल, दालेत अशी एकंदर बावीस अक्षरे. त्यांतील पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी आली म्हणजे निराळे रूप घेतात. ओळ उजवीकडून डावीकडे चालते. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. बावीस अक्षरे म्हणजे काय मोठेसे, असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटले. तीन आठवड्यांत मी प्रार्थनेच्या पुस्तकातील ओळ बोट ठेवून वाचू लागले, आणि मनातल्या मनात फुशारले.

खरी अडचण पुढेच होती. बावीसही अक्षरे व्यंजनांची. आपल्या काना-मात्रेचे काम तिथे अक्षराखाली, वर वा पोटात दिलेली टिंबे आणि रेघा करतात. आज प्रचलित असलेली ही पद्धत सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिबेरिया गावच्या पंडितांनी सिद्ध केली. प्रार्थनेची पुस्तके, कविता आणि मुलांची पुस्तके या खुणांसह छापतात. वर्तमानपत्र, कादंबरी, दुकानाची पाटी आणि माणसाने माणसाला लिहिलेले पत्र यांत त्या नसतात. म्हणजे 'स-प-र' एवढीच अक्षरे समोर येतात, आणि ती 'सेफेर' म्हणजे ग्रंथ, 'सापार' म्हणजे न्हावी, 'साफार' म्हणजे त्याने मोजले, की 'सिपेर' म्हणजे त्याने सांगितले, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवावयाचे. उत्तरेकडील वाचकांना महाजनी लिपीची जुनी थट्टा आठवेल : 'काकाजी अजमेर गये' असे पेढीवरून लिहून आले आणि घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' असे वाचून रडारड केली. ज्यांच्या घरी उर्दू किंवा सिंधी वाचली जाते त्यांना यात नवल वाटणार नाही. देवनागरीत वाढलेल्या माणसाला मात्र जे लिहिले आहे ते वाचता येतेच, या भरवशाची सवय झालेली असते. हिब्रूत शब्द आधी ठाऊक असावा लागतो, तेव्हा तो वाचता येतो. प्रौढ विद्यार्थी बहुतकरून इथेच पुस्तक मिटतो आणि वयाला दोष देतो.

मीही मिटले होते. महिनाभर पुस्तक कपाटात होते.

पुन्हा बाहेर काढले ते गुरुजींनी सहज सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. ते म्हणाले, "बाई, अक्षरे वाचू नका. आधी धातू शोधा." आपल्याकडे संस्कृत शिकताना धातू पाठ करतात, तसा हिब्रू शब्दाच्या गाभ्यात बहुधा तीन व्यंजनांचा धातू असतो. क-त-ब हा लिहिण्याचा. (ब पुष्कळदा व सारखा उच्चारला जातो.) 'काताव' म्हणजे त्याने लिहिले, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोवेत' म्हणजे पत्ता, 'केतुबा' म्हणजे विवाहाचा करारलेख. हेच तीन वर्ण अरबीतून आपल्याकडे 'किताब' आणि 'मकतब' होऊन आलेले आहेत. अरबी ही हिब्रूची बहीण असल्यामुळे आपल्या रोजच्या मराठीतच हिब्रूचे पुष्कळ आप्तेष्ट राहतात. 'हिशेब' आणि 'हेश्बोन', 'कबर' आणि 'केवेर', 'वारस' आणि 'योरेश', 'मयत' आणि 'मेत' या जोड्या मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. धीर यावयास अशा ओळखीचा मोठा उपयोग होतो. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. बायबलमधील एस्तेरच्या ग्रंथात राजवाड्याच्या पडद्यांचे वर्णन आहे. त्यातील 'कार्पास' हा शब्द म्हणजे आपला कापूसच.

व्याकरणातही मराठी माणसाला घरच्यासारख्या जागा सापडतात. 'मी लिहितो' आणि 'मी लिहिते' हा भेद इंग्रजीला ठाऊक नाही, हिब्रूला आहे. पुरुष 'अनी कोतेव' म्हणेल, मी 'अनी कोतेवेत' म्हणेन. 'माझ्याजवळ असणे' याला वेगळे क्रियापद नाही; आपण 'मला दोन मुलगे आहेत' म्हणतो, तसे ते 'येश ली', म्हणजे 'आहे मला', म्हणतात. त्सादी नावाच्या अक्षराचा उच्चार हिंदी भाषिकांना शिकावा लागतो. आपण तो 'चाक', 'चूल', 'चोर' म्हणताना रोज करतो. एक गोष्ट मात्र माझ्या जिभेला अजून जड जाते. एका माणसाला उद्देशून 'तुम्ही' वा 'आपण' म्हणण्याची सोय हिब्रूत नाही. पुरुषाला 'अता', स्त्रीला 'अत', म्हणजे सरळ 'तू', मग समोर पाटीवाला असो की पंतप्रधान. ऐंशी वर्षांच्या गुरुजींना 'अता' म्हणताना मी दर वेळी मान खाली घालते, आणि ते हसतात.

गुरुजींनीच मला सांगितले, की मराठी माणसाने हिब्रू शिकण्यात मी काही पहिली नव्हे. 1832 साली जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्रायल लोकांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे हाग्गादा हे पुस्तक 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाले. पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आपल्याच धर्माची भाषा आपल्या मातृभाषेच्या आधाराने, मोठेपणी, नव्याने शिकलेला हा समाज आहे.

अधिक खोलात गेले तर खुद्द आजची बोलती हिब्रू ही प्रौढ विद्यार्थ्यांनीच उभी केलेली भाषा आहे. शतकानुशतके ती प्रार्थनेत, ग्रंथांत आणि पंडितांच्या पत्रांत होती, स्वयंपाकघरात नव्हती. एलिएझर बेन-येहुदा (1858–1922) हे 1881 साली जेरुसलेमला आले आणि घरात हिब्रूखेरीज दुसरे काही बोलावयाचे नाही असा त्यांनी नेम केला. 1882 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा हा अर्वाचीन काळात हिब्रू ही मातृभाषा म्हणून बोलणारा पहिला मूल मानला जातो. जरा कल्पना करा, त्या घरात मुलाचे अंग पुसावयाचे तर पंचाला शब्द नाही! बेन-येहुदांनी 'मागेवेत' घडविला. शब्दकोशाला 'मिलोन' हा शब्दही त्यांचाच. आपल्याकडे सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' दिले, तसाच हा उद्योग, परंतु पंचापासून सुरुवात करून. त्यांचा सतरा खंडांचा कोश पुरा व्हावयास 1959 साल उजाडले. आपल्या मुलावर इतका कडक प्रयोग करावा की नाही, याविषयी मला शंका आहे. त्या मुलाला खेळगडीही मिळत नसत म्हणतात.

1949 साली जेरुसलेममध्ये 'उल्पान एत्सिओन' ही प्रौढांची पहिली हिब्रू शाळा निघाली. नाना देशांतून आलेले डॉक्टर, शिंपी, वकील, गृहिणी एका वर्गात बसत, आणि त्यांची एक समान भाषा नसल्यामुळे हिब्रू हिब्रूतूनच शिकविली जाई. पाच महिने, आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच तास, असा अशा वर्गांचा रूढ क्रम आहे. म्हणजे सुमारे पाचशे तास. हा आकडा मी मुद्दाम सांगते. आपण घरकाम सांभाळून रोज अर्धा तास बसणार असाल, तर तेवढ्याच मजलीला हजार दिवस, जवळजवळ तीन वर्षे लागतील. 'तीन महिन्यांत भाषा' म्हणणाऱ्या पुस्तकांच्या नादी लागून चौथ्या महिन्यात आपण मंद आहोत असे समजू नये.

आता त्या पत्राकडे वळते. सात-आठ महिन्यांनंतर मी ते पुन्हा उघडले. पहिला धक्का हा, की हाताने लिहिलेली अक्षरे छापील अक्षरांहून निराळी असतात. ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी हे वळण पहिल्याच महिन्यात गिरवावे. मी आळस केला आणि पस्तावले. आठवडाभर नुसती अक्षरे लावली. पहिला शब्द 'सावता', म्हणजे आजी, हा ओळखला. दुसरा शब्द मी 'हाक्तिवा' असा वाचला. त्याचा अर्थ 'लेखन'. 'आजी लेखन मला हे पत्र' असे वाक्य झाले. दोन दिवस मी त्याच्याशी झुंजत होते. मग धातू आठवला. तीच अक्षरे 'हिख्तिवा' अशीही वाचता येतात, आणि त्याचा अर्थ 'तिने सांगून लिहवून घेतले' असा होतो. 'आजीने मला हे पत्र सांगितले.' मी स्वयंपाकघरात उभी होते. आमटी उतू गेली.

दुसरे पान लागावयास आणखी पंधरा दिवस गेले. त्यात विशेष काही नव्हते. आमच्या शाळेमागची चिंच अजून आहे का, एवढे तिने विचारले होते. चिंच नाही, तिथे आता दुकाने झाली आहेत. हे तिला परक्याच्या हाताने कळवावयाचे नाही, असे मी ठरविले.

माझे उत्तर नऊ ओळींचे झाले. नातीने ते आजीला मोठ्याने वाचून दाखविले आणि दोघी खूप हसल्या, असे पुढच्या पत्रात आले. मी 'मी' या अर्थी सर्वत्र 'अनोखी' लिहिले होते. दहा आज्ञांच्या आरंभी हाच शब्द आहे, म्हणून मला तो सुरक्षित वाटला. परंतु रोजच्या बोलण्यात 'अनी' म्हणतात. 'अनोखी' म्हणजे पत्रात 'अस्मादिकांची प्रकृती बरी आहे' असे लिहिण्यासारखे. गुरुजींना दाखविले तर तेही हसले, मग म्हणाले, "माझ्याकडे प्रार्थनेचीच भाषा. बोलण्याची तिला विचारा." तेव्हापासून नात माझ्या पत्रातील चुका वेगळ्या शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठविते. मागच्या खेपेला एकोणीस होत्या. या खेपेला चौदा आहेत, आणि त्यांतील दोन मला मान्य नाहीत. त्या मी गुरुजींना विचारणार आहे.