राक्षसाला भीती का वाटू नये?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातील राक्षसांच्या नोंदी नव्याने मांडण्याचा उद्योग गेली कित्येक वर्षे चालू आहे. प्रत्येक प्राण्याची एक चौकट असते. तिला स्टॅट ब्लॉक म्हणतात. चिलखताचा आकडा, हिट पॉइंट्स, वेग, हल्ले वगैरे. ऐन लढाईत खेळ चालवणाऱ्याला पाने चाळावी लागू नयेत, एवढाच हा प्रश्न आहे असे पुनर्रचनाकार गृहीत धरतात. आम्हाला हे मान्य नाही. चौकट ही आधी संहिता आहे, आणि संहितेतून काय गाळले यावरून ती कोणाच्या बाजूची हे कळते.

१९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी प्रत्येक नोंदीत एक रकाना ठेवला होता: हा प्राणी आपल्या बिळात सापडण्याची शक्यता शेकडा किती? ऑर्क भेटले तर ३० ते ३००. आणि त्यांच्या वस्तीत माद्या व पिलेही असतील, हे खालच्या मजकुरात नोंदलेले. गायगॅक्स काही करुणेचे कवी नव्हते, त्यांना युद्धखेळाचा हिशेब पुरा करायचा होता. पण त्या कोरड्या हिशेबानेच खेळणाऱ्याला पेचात टाकले. तलवार उपसून गुहेत शिरलात खरे, आता या पिलांचे काय करणार?

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने आहार, दिनक्रम, समाजरचना यांचे रकाने जोडले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत मात्र चौकटीवर रणांगणाची सत्ता आली. राक्षसांना भूमिका वाटल्या गेल्या, आणि 'मिनियन' नावाचा एक वर्ग निघाला, ज्याला हिट पॉइंट एकच. ही चौकट वापरायला अतिशय सोयीची होती, हे कबूल करायलाच हवे. गैरसोय झाली ती फक्त राक्षसाची.

सर्वांत मोठी गळती मनोधैर्याची आहे. टॉम मोल्डवे यांनी १९८१ साली संपादित केलेल्या प्राथमिक नियमपुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत २ ते १२ यांमधला एक आकडा असे. दोन फासे टाकायचे; बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की शत्रू पळे किंवा शरण येई. नियम ऐच्छिक होता, पण आकडा नोंदीत होता. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत नियम खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून उरला, पण आकडा नोंदीत नव्हता. ज्याच्या नोंदीत भीतीच नाही, त्याला शून्यापर्यंत मारत नेण्याखेरीज खेळणारा दुसरे काय करणार?

यावर ठरलेले उत्तर असे की, हे सारे खेळ चालवणाऱ्याने कल्पनेने भरावे. मग हल्ल्यांचे आकडे तरी का छापता? तेही कल्पनेवर सोडा की!

ऑर्कांच्या चित्रणात खऱ्या मानवसमूहांच्या हेटाळणीचे प्रतिध्वनी आहेत, हे 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने २०२० साली मान्य केले. उपाय काय, तर २०२५च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ऑर्कची नोंदच नाही आणि गॉब्लिनला मानवसदृशांतून उचलून परीवर्गात टाकले. वर्ग बदलला, मरणाची रीत तीच राहिली.

आणि आपल्या ओळखीचा 'राक्षस'? तो १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही होता. २०१४च्या नोंदीत तो वाघाच्या तोंडाचा, ११० हिट पॉइंट्सचा, आव्हानाचा दर्जा १३. भीमाशी संसार मांडणारी हिडिंबा या चौकटीत कुठे बसवायची? आणि भावाला सोडून शत्रूच्या छावणीत येणाऱ्या बिभीषणाचा पक्ष कोणत्या रकान्यात लिहायचा?

आमची मागणी दोन ओळींची आहे. हा प्राणी कशासाठी लढतो आणि किती मार खाल्ल्यावर पळतो, एवढे छापा. पानावर जागा नसेल तर एखादा हल्ला कमी करा.