रिकामा पाळणा

आमचे चिरंजीव आता सात महिन्यांचे झालेत आणि रात्री सलग चार तास झोपायला लागलेत, म्हणून बऱ्याच वीकेंडनंतर आज लिहायला बसलोय. ऑफिसात ज्यांच्याकडे पाहुणा येणार आहे ते सगळे मला एकच विचारतात, "क्रिब कुठली घेतलीस रे?" एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा प्रपंच.

बायकोचं माहेर वाशिम जिल्ह्यातलं कारंजा. पहिलं बाळंतपण, त्यामुळे ती तिकडे आणि मी पुण्यात. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडायची, शनिवारी सकाळी कारंजा, रविवारी रात्री परत. आपणही बाळासाठी काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून मी महिनाभर क्रिब शोधत होतो. एक्सेल शीट, रेटिंग, रिव्ह्यू.. सगळं यथासांग. शेवटी बारा हजारांची एक मागवली. सोबत गजांना आतून बांधायचे आकाशी गुबगुबीत बंपर, उशी, दोन लोड, रजई आणि एक कापडी हत्ती. आजेसासूबाईंनी चष्मा सावरून ते सगळं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "येवढ्या पैशात दुभती बकरी आली असती जवाईबापू, लेकराले दूधबी भेटलं असतं!"

त्यांचा पायना तयारच होता. म्हणजे जुन्या सुती लुगड्याची झोळी, माजघरातल्या तुळईला बांधलेली. खरं सांगतो, क्रिबमध्ये ठेवलं की बोंब ठोकणारं आमचं बाळ झोळीत दोन मिनिटांत गार. एक्सेल शीटचा दणदणीत पराभव!

आणि मग ती शनिवारची दुपार. जेवणं झालेली, घरात सामसूम. बायको सहज झोळीत डोकावली. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली, नाक लुगड्याच्या घडीत, आणि श्वासाला घुरघुर. तिने झटकन उचललं. त्याने एक मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. ते भोकाड इतकं गोड मला पुन्हा कधी वाटलं नाही. झालं काहीच नाही. पण त्या रात्री मी परतीची गाडी धरायच्या ऐवजी मोबाईलवर वाचत बसलो.

कारण अगदी साधं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मानेत जोर नाही. पाठ गोल झाली की डोकं पुढे कलतं आणि श्वासाची वाट अरुंद होते. तोंड मऊ कापडात रुतलं तर स्वतःच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत जाते. म्हणून सल्ला असा की दर वेळी उताणं, सपाट आणि टणक गादीवर, आजूबाजूला काहीही न ठेवता झोपवायचं. बाळ निदान सहा महिने आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर.

"बघा, झोळी वाईट आणि माझी क्रिब चांगली" असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढचं वाचलं. उशी, लोड, रजई, हत्ती, सगळंच बाद! बंपरवर तर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदीच आली, आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या झोपण्याच्या साधनांवरही. तिथे २०१९ साली फिशर-प्राइसला असे सुमारे ४७ लाख उतरते पाळणे परत मागवावे लागले होते. खाली सरकणाऱ्या बाजूच्या क्रिब २०११ मध्येच बंद झाल्या. म्हणजे बारा हजारांपैकी बराचसा खर्च मी धोका विकत घेण्यासाठी केला होता.

आणि तज्ज्ञांनीही फार मान वर करू नये. डॉ. स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकात १९५८ पासून बाळाला पालथं झोपवायचा सल्ला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये 'पालथं नको' असं सांगितलं, १९९४ पासून मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू दहाएक वर्षांत निम्म्याहून कमी झाले. आजेसासूबाईंनी त्यांची पाचही लेकरं उताणीच निजवली होती. त्यांचं तेवढं बरोबर होतं, फक्त खालचं कापड गोल होतं.

माझं मत विचाराल तर गोंधळ इथे आहे : बाळाला झोपवणं आणि बाळाने झोपणं ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही दोन्ही एकाच वस्तूकडून करून घेत होतो. (आमच्या धंद्यात असं मॉड्यूल कुणी लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये फाडून खातात.) झोका, अंगाई, थोपटणं हे झोपवण्यासाठी, मोठं माणूस समोर बसलेलं असताना. डोळा लागला की उचलून सपाट गादीवर. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवरचा हात लगेच काढायचा नाही, मनात शंभर मोजायचे. पहिले आठ दिवस दहापैकी सात वेळा जागा झाला. नंतर तीन.

आजेसासूबाईंशी तह या अटीवर झाला की झोळी राहील, पण तिची दोरी त्यांच्याच हातात. त्या खूश. मी क्रिबसोबत आलेली स्पंजची गादी काढून टाकली आणि गावातल्या गादीवाल्याकडून कापूस ठासून नवी भरून घेतली. कापूस पिकवणाऱ्या मुलखात स्पंज कशाला? हाताने दाबून पाहिली, खड्डा राहिला म्हणून परत दिली. दुसऱ्यांदा जमली. कडेला दोन बोटंसुद्धा शिरत नाहीत इतकी घट्ट बसते. गजांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं, सहा सेंटीमीटरच्या आत आहे. मच्छरदाणी वरून ताणून बांधली, आत लोंबणार नाही अशी. बाळ बसायला लागलं तेव्हा गादीची फळी खालच्या खाचेत उतरवली. बस्स. हे सगळं चार हजारांच्या क्रिबमध्येही झालं असतं.

परवा व्हिडिओ कॉलवर आजेसासूबाईंनी पुण्यातली क्रिब पाहिली. "काहून येवढा रिकामा ठेवला? रिकामा पायना चांगला नसते," म्हणाल्या. मी कॅमेरा खाली नेला. मध्यभागी चिरंजीव उताणे, हातपाय फाकून, तोंड उघडं. "हां, मंग ठीक हाये."

हत्ती सध्या माझ्या मॉनिटरवर बसलाय.