अफू शेतकऱ्याची, कुलूप सरकारचे



नीमच-मंदसौरचा शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतो. सगळी अफू सरकारलाच द्यायची, तीही सरकार ठरवील त्या भावाने. एकाधिकार खरेदी सोसलेल्या कापूसवाल्यांना याहून जास्त सांगायला नको.

या अफूपासून मॉर्फिन बनते. कर्करोगाच्या असह्य वेदनेवरचे हे जुने, खात्रीचे औषध. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी चळत रचली, की डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारांनी त्याचा नादच सोडला. चुकले तर तुरुंग! पीक देशात, औषध देशात, आणि रोगी घरात तळमळत.

व्यसनाची भीती खोटी नाही. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी आणि नोंदवही आहे. चोराच्या भीतीने धन्यालाच उपाशी ठेवायचे काय?

२०१४ साली कायदा सुधारला. रुग्णालयाला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तेव्हा यवतमाळच्या सरकारी रुग्णालयाला लेखी विचारा: मान्यता आहे काय? गोळ्या शिल्लक आहेत काय? राळेगावच्या रोग्याला वेदनेच्या गोळीसाठी नागपूरची एस.टी. धरावी लागू नये. ही भीक नव्हे, हक्क आहे.